मी यांना ओळखते, अशी सही

मालवणातल्या वकिलांनी मला एक नाव ठेवलं होतं. माझ्या तोंडावर कुणी ते घेत नसे, पण ऑफिसचा लाकडी जिना चढता चढता जी कुजबुज व्हायची ती वर मला स्पष्ट ऐकू यायची. "सासू आसा काय रे वर?" मुलगा नाही, सून नाही, लग्नाचा तर तेव्हा पत्ताच नव्हता, तरी तिशीच्या आत मी तालुक्यातल्या अर्ध्याअधिक वकिलांची सासू झाले होते. कारण मी त्यांच्या कागदांत नाक खुपसायची. हा पक्षकार खरंच तोच आहे कशावरून? हे रोख पैसे कुणाचे? याच भांडणात मागच्या वर्षी दुसऱ्या बाजूला सल्ला तुम्हीच दिला होता ना? असं काहीबाही विचारायची, आणि उत्तर मिळेपर्यंत दस्त टेबलावरून हलू द्यायची नाही.

त्यात माझी एक खोड सगळ्यांना फारच विचित्र वाटे. दस्तावर अंगठा द्यायला आलेल्या प्रत्येक बाईला मी तिच्यासोबत आलेल्या पुरुषाचं नाव मोठ्याने घ्यायला लावायची. भाऊ असो, नवरा असो, दीर असो. एक तरुण वकील एकदा वैतागून म्हणाला, "मॅडम, इथे खरेदीखत करायचंय, उखाणा नाही घ्यायचाय." सगळे हसले. मीही हसले आणि त्या बाईला म्हटलं, "घ्या काकी, नाव घ्या." तिने घेतल्यावरच मी कागद पुढे सरकवला.

ही खोड मला कशी लागली ते सांगताना आजही जीभ अडखळते.

अठ्ठ्याण्णव साली टायपिंगची परीक्षा पास होऊन मी साहेबांच्या ऑफिसात लागले. ऑफिस कोर्टाच्या रस्त्याला, खाली जाळी आणि दोर विकणारं दुकान, वर आम्ही. खाऱ्या हवेने टाइपरायटरची अक्षरं चिकटायची, आणि 'क्ष' तर पावसाळ्यात उठायलाच तयार नसे. साहेब तेव्हा साठी ओलांडलेले. काळा कोट इतका जुना की उन्हात हिरवट दिसायचा. कोर्टात शुद्ध मराठी, जिना चढून वर आले की मालवणी. आवाज चढा, पण मनात काही नाही. माझ्यावर पहिल्या आठवड्यात तीनदा ओरडले आणि तिन्ही वेळा नंतर खालून सोडा मागवला.

साहेबांच्या मागे एक लोखंडी कपाट होतं. त्या कपाटात अर्ध्या तालुक्याचा जीव होता म्हणा ना. होडीचे कागद, मृत्युपत्रं, गावाला न ठेवता येणारे पैसे, मुंबईला मुलाकडे जाताना बायांनी ठेवायला दिलेल्या पाटल्या, सगळं कापडाच्या पिशव्यांतून, वर घराचं नाव लिहिलेली चिठ्ठी. पावती कुणालाच नाही. मी एकदा पावतीपुस्तकाचं नाव काढलं तर साहेब म्हणाले, "पावती दिलंय तर तो म्हणतलो, साहेबांनी माका परको केल्यानी." मला तेव्हा हे फार थोर वाटलं होतं. माणसं एकमेकांवर इतका विश्वास ठेवतात याचं मला अप्रूप होतं, आणि खरं सांगायचं तर अजूनही आहे.

नव्या माणसाला पारखायची त्यांची पद्धतही घरगुतीच. तीन प्रश्न. तू खंयचो? घर कोणाचा? आजोळ खंय? आजोळ आचऱ्याचं म्हटलं की आचऱ्यात त्याच्या मामाचं घर देवळाच्या कुठल्या अंगाला हे साहेबच त्याला सांगायचे. "ह्या तीन प्रश्नांतून कोण सुटाचो नाय," असं ते मोठ्या आढ्यतेने म्हणत. आणि खरंच, तोवर कुणी सुटला नव्हता.

आता माझं काम. दस्त नोंदवायला निबंधकापुढे गेलं की लिहून देणारा माणूस खरोखर तोच आहे, हे सांगणारी दोन माणसं लागतात. दस्ताच्या शेवटी एक ओळ असते, 'लिहून देणार यांना आम्ही व्यक्तिशः ओळखतो', आणि तिच्याखाली त्या दोघांच्या सह्या. आमच्या ऑफिसातून त्या सह्या मी आणि आमचा म्हातारा शिपाई करायचो. साहेबांनी तीन प्रश्न विचारले, मान हलवली, की आम्ही सही ठोकली. ओळ कोण वाचतंय! माझी सही मात्र फार देखणी होती. शेवटच्या अक्षराला मी एक लांब फराटा मारायची आणि त्याचा मला गर्व होता.

दोन हजार एकच्या सुमाराला खाडीपलीकडच्या गावातला एक जण हक्कसोडपत्र करायला आला. साहेबांचा जुना पक्षकार, त्याच्या बापापासूनचा. बापाची नारळाची बाग आणि तिच्यापुढे थेट समुद्रापर्यंत गेलेली वाळूची पट्टी, सातबारावर त्याचं आणि धाकट्या बहिणीचं नाव. बहीण फोंडाघाटला दिलेली. तिने आपला हिस्सा भावाला सोडून द्यायचा, एवढाच कागद. आमच्याकडे महिन्याला असे चार-पाच व्हायचे. बहिणी येत, अंगठा देत, भाऊ साडी-चोळी आणि नारळ देई, आणि त्या संध्याकाळच्या एसटीने सासरी जात. माहेरचा रस्ता मोकळा राहावा म्हणून बहिणी हिस्सा सोडतात, हे इतकं अंगवळणी पडलं होतं की तिला सोडायचाय का, असं कुणी कधी विचारत नव्हतं. साहेब नाही, मी तर नाहीच.

त्या दिवशी साहेब कोर्टात अडकले होते. जाताना म्हणाले, "तीन प्रश्न इचार नि घेवन जा." भाऊ दारात उभा राहिला आणि बाई माझ्यासमोर बसल्या. पन्नाशीच्या, हिरवी नऊवारी, हाताला बागेतल्या कामाचे घट्टे. मी साहेबांच्या थाटात विचारलं. गाव बरोबर. घर बरोबर. आईचं माहेर देवगडकडचं, तेही बरोबर. वर न विचारता त्यांनी विहिरीजवळच्या माडावर वीज कधी पडली ते सांगितलं, बापाचं शेवटचं आजारपण सांगितलं, त्याला पेज कोण भरवायचं तेही. मी खूश. मग आपलं सहज, फॉर्म भरता भरता, म्हटलं, "काकी, भावाचं पूर्ण नाव सांगा."

बाईंनी पदर तोंडाशी नेला, हसल्या आणि दाराकडे हात केला. भावाने लगेच पुढे होऊन आपलं नाव आपणच सांगितलं, जरा जास्तच मोठ्याने.

मनात काहीतरी टोचलं. एवढं बोलणारी बाई एवढ्याशा प्रश्नाला गप्प का झाली? पण निबंधकाकडे आमचा नंबर लागला होता, शिपाई खालून हाका मारत होता, आणि मी मनाशी म्हटलं, लाजली असेल. खाली उतरून निबंधकाकडे गेलो. अंगठा झाला. मी सही केली, फराट्यासकट.

दोन वर्षं त्यावर कुणी काही बोललं नाही. दरम्यान किनाऱ्याचं वारं बदललं. मोठी हॉटेलं येणार, विमानतळ होणार, अशा गोष्टी चहाच्या टपरीवर ऐकू येऊ लागल्या आणि वाळूच्या पट्टीला, जिथे नाचणीसुद्धा पिकत नाही, गिऱ्हाईक येऊ लागलं. असाच एक दलाल या भावाला घेऊन ऑफिसात आला. बाहेरगावचा, गोड बोलणारा, मला "ताई" म्हणणारा. त्याने साहेबांपुढे निळ्या रेक्झिनची बॅग ठेवली. म्हणाला, विसाराची रक्कम आहे, रोख आहे, गुरुवारी खरेदीखत करू, तोवर तुमच्या कपाटात राहू द्या. आणि मसुद्यात खरेदीदाराच्या नावाची जागा कोरी ठेवा, नाव नंतर टाकू.

"पार्टी कोण?" मी विचारलं. बोलायचं कारण नव्हतं, पण तोंडातून गेलं.

"मोठी माणसं आहेत, ताई," एवढंच तो म्हणाला.

साहेबांच्या कपाळाला आठी पडली. पण आयुष्यभर ज्या माणसाने कुणाचीच पिशवी नाकारली नव्हती, त्याला ही कशी नाकारावी ते सुचलं नाही. बॅग कपाटात गेली, पाटल्यांच्या आणि होडीच्या कागदांच्या शेजारी. तिच्यावर चिठ्ठी लावायला घराचं नाव नव्हतं.

बुधवारी सकाळी जिन्यावर बायकांची पावलं वाजली. दोघी आत आल्या. एक उंच, उन्हाने रापलेली, हातात देवीच्या जत्रेच्या प्रसादाची पिशवी. तिने दुसरीचा हात धरला होता. दुसरीचं तोंड पदरात होतं, तरी मी ओळखलं. हिरवी नऊवारी नव्हती, पण घट्टे तेच होते.

उंच बाई साहेबांना म्हणाली, "वकिलानू, माझो अंगठो तुमच्या कागदावर आसा म्हणतत. तो माका दाखवा."

साहेबांनी सवयीने विचारलं, "तू खंयची गो?"

"फोंड्याची. म्हायेर हयचा, खाडीपलीकडचा." आणि तिने घराचं नाव सांगितलं, बापाचं सांगितलं, आणि भावाचं नाव, वडिलांच्या नावासकट, असं खणखणीत घेतलं की खाली दोरवाल्याला ऐकू गेलं असेल. भावाचं नाव घ्यायला बहिणीला कशाला लाज वाटेल?

माझी स्वतःची आई बाबांचं नाव कधी घेत नसे. रेशनच्या दुकानात, पोस्टात ती मला बरोबर न्यायची ती एवढ्यासाठीच. कारकुनाने "नाव?" म्हटलं की ती माझ्याकडे बघे आणि मी बाबांचं नाव ठणकावून सांगे. सातव्या वर्षापासून मी हे काम केलेलं. आणि समोर बसून नवऱ्याचं नाव टाळणारी बायको मला ओळखता आली नाही. तीन प्रश्नांना ती अडली नव्हती यात नवल काय होतं! तीस वर्षं त्या घरात ती राबली होती. त्या घराचं, त्या माडांचं, त्या सासूच्या माहेराचं तिला लेकीपेक्षा जास्त माहीत होतं. साहेबांचे प्रश्न घर ओळखायचे होते, माणूस ओळखायचे नव्हतेच.

भावजय रडत रडत सांगू लागली. "ह्येंनी सांगल्यानी, ती काय नाय म्हणाची नाय. सगळ्याच भैणी देतत. तिका एसटीचो तरास कित्याक, तू चल." जत्रेला नणंद आली, हिने तिची ओटी भरायला घेतली, आणि तांदूळ हातातून सांडले. मग सगळं ओकून टाकलं. तिच्यावर रागवावं असं मला एकदाही वाटलं नाही. राग आला तो माझाच आला.

साहेबांनी फाइल काढली आणि दस्त वाचून दाखवला, पहिल्या ओळीपासून. 'राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली. शेवटी माझी सही आली. त्यांनी ती वाचली नाही, नुसता कागद खाली ठेवला. मग खुर्ची पुढे ओढून त्या बाईला म्हणाले, "बाये, आता मी इचारतंय. तुझो हिस्सो तुका भावाक सोडूचो आसा?"

आता मी जे कबूल करणार आहे ते आजवर कुणाला सांगितलेलं नाही. त्या क्षणी मी मनात देवाला हात जोडले की ही बाई होय म्हणू दे. होय म्हणाली की दुसरा कागद करू, खरा अंगठा घेऊ, सगळं झाकलं जाईल. साहेबांची सनद वाचेल, मी वाचेन, ही रडणारी बाई वाचेल. आणि ती होयच म्हणेल याची मला खात्री होती. सगळ्याच म्हणतात.

तिने प्रसादाची पिशवी मांडीवर घेतली. खिडकीतून समुद्र दिसत नाही, पण ती त्या दिशेला बघत होती.

"नाय," ती म्हणाली.

भावजयीने तोंडावरचा पदर खाली घेतला. नणंद पुढे बोलू लागली.

"तेव्हा कोणी इचारल्यान असता तर मी होय म्हटला असता. आता इचारल्यात म्हणान सांगतंय. माका थंय दोन माड आसले तरी पुरे. पण ते माझे."

साहेबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. म्हणाले, "मी तुझ्या भावाचो वकील. तुझा काम माका घेवक येवचा नाय. आणि आता भावाचाही येवचा नाय, कारण उद्या मी साक्षीदार होतलंय. कुडाळाक दुसरो वकील बघ. तेका सगळा सांग. माझा नाव घेवन सांग." तिला हे पटेना. घरचा वकील असताना कुडाळला कशाला? चूक झाली तर तुम्हीच दुरुस्त करा, असं ती पुन्हा पुन्हा म्हणाली. साहेब मान हलवत राहिले. जिथे आपणच चुकलो तिथे तिची बाजू आपण मांडायची नसते, हे त्यांनी तिला चार वेळा समजावलं. मला वाटतं पाचव्यांदा त्यांनी ते मलाच सांगितलं.

गुरुवारी दलाल आला. बॅग टेबलावर होती. साहेबांनी तिच्याकडे बोट करून विचारलं, "ही खंयची? घर कोणाचा? आजोळ खंय?" दलाल नुसता हसला, त्याला वाटलं म्हातारा चेष्टा करतोय. मग साहेब कोर्टातल्या मराठीत म्हणाले, "मी माणसांचं आजोळ विचारतो, पैशांचं कधी विचारलं नाही, ती माझी चूक. पैसे कुणाचे आहेत त्याचं नाव सांगा, तो शेतकरी असल्याचा दाखला आणा, रक्कम बँकेतून द्या. तसंही ही जमीन आता विकता येणार नाही. बॅग घेऊन जा आणि परत मिळाल्याची पावती लिहून द्या." दलालाचा गोडवा तिथेच संपला. पावतीवर त्याने जी सही केली ती आजपर्यंत कुणाला लागलेली नाही. पण त्या कपाटातून निघालेली ती पहिली पावती होती.

मग साहेबांनी मला कागद लावायला सांगितला आणि उभ्यानेच पत्र सांगू लागले. सनद देणाऱ्या परिषदेला पत्र, स्वतःच्या विरुद्ध. माझ्या कार्यालयातून चुकीच्या व्यक्तीची ओळख दिली गेली, मी खातरजमा केली नाही, जबाबदारी माझी आहे. चाळीस वर्षांची वकिली एका पानात पणाला लावत होते आणि मी ती टाइप करत होते. मला रडू येत होतं आणि 'क्ष' चिकटत होता. मी म्हटलं, "साहेब, सही तर माझी आहे."

"सही तुझी. शिकवला कोणी? मी."

"माझं प्रतिज्ञापत्रही लागेल ना कोर्टात?"

"लागात. तेचाशिवाय त्या बायेचा काम लांबात. पण ता मी तुका सांगूचंय नाय. घराक जा, आवशीक इचार."

घरी गेले. आईला सगळं सांगितलं. "तुका तुरुंगात घालतले काय गो?" एवढंच ती विचारत राहिली. नोकरी जाईल, लोक बोलतील, खोटी सही करणारी म्हणून मला कुणी दारात उभं करणार नाही, हे सगळं मी जेवताना मोजलं. आणि दर वेळी 'नाय' म्हणणारी ती बाई आठवायची. इतक्या वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी विचारलं होतं आणि तिने खरं सांगितलं होतं. आता मला विचारलं जात होतं.

दुसऱ्या दिवशी मी मशीनवर बसून प्रतिज्ञापत्र केलं. 'मी सदर महिलेस ओळखत नव्हते. तरी ओळखते अशी सही केली.' दोन ओळी, पण चार कागद फुकट गेले. प्रतिज्ञापत्र करणाऱ्याचीही ओळख द्यावी लागते, कुणीतरी लिहून द्यावं लागतं की ही बाई तीच आहे. साहेबांनी माझ्याकडून कागद घेतला, ती ओळ बोटाने सावकाश वाचली आणि तिच्याखाली सही केली. मी हिला व्यक्तिशः ओळखतो. मग खालून सोडा मागवला. मी त्या दिवशी जितकी रडले तितकी बाबा गेले तेव्हाही रडले नव्हते.

तुरुंग झाला नाही. कुडाळच्या वकिलाला पोलिसांत जायचं होतं, पण त्याच्या पक्षकार बाईने साफ सांगितलं, वयनीला चौकीवर नेलंत तर मी दावाच मागे घेईन. भाऊ घाबरून ताळ्यावर आला आणि दाव्यात तडजोड झाली. साहेबांना परिषदेने बोलावलं, ऐकून घेतलं आणि लेखी ताकीद दिली. ते पत्र त्यांनी लपवलं नाही. टेबलाच्या काचेखाली ठेवलं, पक्षकाराला उलटं आणि त्यांना सुलटं दिसेल असं.

त्यानंतर आम्ही कपाट रिकामं केलं. ज्याच्या त्याला बोलावून पिशव्या परत दिल्या आणि सह्या घेतल्या. काही म्हाताऱ्या खरंच दुखावल्या. एक म्हणाली, "आमचा काय चुकला?" आणि मी एक लांबट वही घातली. आलेल्या माणसाचं नाव, त्याचा फोटो असलेला कागद, तो कुणाबरोबर आला, पैसे कुठल्या वाटेने आले, आणि शेवटी एक प्रश्न, जो मी प्रत्येकाला एकटं बसवून विचारायची: तुम्हाला हे करायचंय का? बहिणी आल्या की भावांना मी खाली दोरवाल्याकडे पाठवून द्यायची. दहापैकी आठ जणी होयच म्हणायच्या. उरलेल्या दोघींपैकी एखादी आधी नुसतीच रडायची आणि मग बोलायची.

हे इतर वकिलांना कळलं. आधी चेष्टा झाली, मग त्यांचे कारकून वही बघायला येऊ लागले, आणि दलालांचा सुळसुळाट वाढला तसे वकील स्वतःच कागद घेऊन येऊ लागले. "जरा बघ गो, ह्यात काय राहिला तर नाय ना?" एकाने आपल्या सख्ख्या आत्याचं बक्षीसपत्र आणलं. मी फोटोचा कागद मागितला तर भडकला, "माझ्या आत्येकडेसुद्धा मागतंस?" मी म्हटलं, "आत्याकडे आधी." अशी मी सासू झाले. पण एक गोष्ट मी सोडली ती सोडलीच. दुसऱ्यांच्या सह्या मी तपासायची. ओळख म्हणून माझी सही मी त्या काळात कुठल्याच दस्तावर केली नाही. साहेबांनी दोन-तीनदा सुचवलं, मी विषय बदलला.

तीनेक वर्षांनी त्या भावाबहिणीचं वाटणीपत्र ठरलं. विहिरीकडची बाजू आणि सहा माड बहिणीला. निबंधकाच्या ऑफिसात तोवर संगणक आला होता, समोर बसवून फोटो काढायचे, काचेवर अंगठा ठेवायचा. तरी ओळख देणारे दोघे लागतच होते. कुडाळच्या वकिलाने आपले दोन कारकून आणले होते. मी मागच्या बाकावर साहेबांचे दुसरे कागद घेऊन बसले होते, त्या बाईंच्या नजरेला न पडता निघून जाता येईल अशा बेताने.

त्यांनी मला बघितलंच. वकिलाला म्हणाल्या, "ह्ये माका वळखतत?" कारकुनांकडे बोट होतं. वकील म्हणाला, आजच बघताहेत, पण चालतं. "चलाचा नाय," त्या म्हणाल्या. "ता चेडू बसला आसा, तेका बोलवा."

मी जागची हलेना. मग त्याच आल्या. "हय माका वळखणारा दुसरा कोण आसा? भाव लिहून देणारो, वयनी तेच्या घरची. तू माका वळखतंस काय नाय, ता सांग."

"वळखतंय, काकी."

"मगे कर सही."

मी उठले. पण टेबलाशी जाऊन आधी त्यांना विचारलं, गाव कोणतं, घर कुणाचं, आजोळ कुठलं. "आता परत?" म्हणून त्या करवादल्या, पण सांगितलं. भावाचं नाव विचारलं. त्यांनी खणखणीत घेतलं आणि मागे उभी असलेली भावजय पदरात हसली. शेवटी विचारलं, "काकी, हे तुम्हाला करायचंय का?"

"होय," त्या म्हणाल्या. "होय, होय."

मी ती छापील ओळ पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचली आणि सही केली. तीन वर्षं न केलेली सही वाकडी आली, फराटा तर आलाच नाही. काकींना वाचता येत नव्हतं. त्यांनी कागदावर वाकून माझ्या सहीवर बोट ठेवलं आणि विचारलं, "ह्या माझा नाव?"

"नाय काकी, ह्या माझा."

"असांदे," त्या म्हणाल्या, आणि अंगठा द्यायला खुर्चीवर जाऊन बसल्या.